हुंडा उलटला म्हणे, पण पैसा कोणाच्या नावावर?

निफाडची_लेक

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात लग्नाच्या बैठकीत सध्या जे चाललंय ते इथे मांडतेय, कारण फेसबुकवर लिहिलं की नातेवाईकच भांडायला येतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बैठक म्हणजे मुलाकडचे लोडाला टेकून आणि मुलीचा बाप हात जोडून. सोनं किती, गाडी कोणती, बस्ता कुठल्या दुकानात बांधायचा, मानपानाच्या साड्या किती, सगळं ते सांगणार आणि हे माना डोलावणार. आता मुलगा शेतकरी असेल, भले दहा एकर द्राक्षबाग का असेना, तर उलटं झालंय. लग्न मुलाच्या दारात, लॉन्सचं भाडं मुलाकडे, जेवणावळ मुलाकडे, मुलीच्या अंगावरचं सोनंसुद्धा मुलाकडचेच घालणार, आणि काही ठिकाणी तर मुलीच्या बापाचं देणं पण गुपचूप फेडतात. लोक म्हणतात बघा, मुलींना भाव आला.

मला हे पटत नाही. मी टॅक्सची कामं करते, दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब बघते, त्यामुळे डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की एंट्री कोणाच्या खात्यात पडली. आधी पैसा मुलीच्या बापाकडून मुलाच्या बापाकडे जायचा. आता मुलाच्या बापाकडून लॉन्सवाला, केटरर, डीजे, सराफ आणि कधीकधी मुलीच्या बापाकडे जातो. मुलीच्या स्वतःच्या नावावर तेव्हा पण काही नव्हतं आणि आता पण नाही. सोनं अंगावर दिसतं खरं, पण सत्यनारायण झाला की सासूच्या कपाटात, आणि छाटणीला पैसे कमी पडले की तारण. तर चर्चा यावर करा. हुंडा वाईट हे सगळ्यांना माहितीय, ते परत लिहू नका प्लीज.

सातपूरकर

ताई तुमचं म्हणणं कळलं पण भाव आलाय हे मात्र शंभर टक्के खरं. मी एमआयडीसीत पर्मनंट, अंबडला वन बीएचके आहे (लोन चालू), व्यसन नाही, तरी स्थळाचा पहिला प्रश्न पुण्यात फ्लॅट आहे का? नाशिकला आहे म्हटलं की नंतर कळवतो म्हणतात आणि कळवतच नाहीत. वर परत लग्न करून घटस्फोट झाला तर अर्धी प्रॉपर्टी तिची. म्हणजे हप्ते मी भरायचे आणि अर्धा फ्लॅट ती नेणार. बाईच्या नावावर काही नाही म्हणता, मग हे काय आहे?

कोर्टाची_पायरी

सातपूरकर, हे अर्ध्या प्रॉपर्टीचं कुठे वाचलंत? व्हॉट्सॲपवर ना? आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेची अर्धी वाटणी असा नियमच नाहीये. असते ती पोटगी. कलम २४ खाली केस चालू असेपर्यंत, कलम २५ खाली कायमची, आणि ही दोन्ही कलमं नवऱ्याला पण लागू आहेत, म्हणजे बायको कमावती आणि नवरा बेकार असेल तर तो पण मागू शकतो. रक्कम किती हे कोर्ट परिस्थिती बघून ठरवतं. २०१७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के हे योग्य म्हटलंय, तेव्हापासून लोक तो आकडा धरून चालतात. लग्नानंतरची मालमत्ता दोघांची धरायची पद्धत आहे ती गोव्यात, पोर्तुगीज काळापासूनच्या त्यांच्या कायद्यामुळे. घाटाच्या अलीकडे तसं काही नाही. फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तो तुमचाच राहणार आहे, शांत झोपा.

आता धागाकर्तीच्या मुद्द्याकडे. तुम्ही बैठक बघता, मी तेच लोक काही वर्षांनी कोर्टात बघते. बैठकीत मुलगा दहा एकरचा बागाईतदार असतो. पोटगीच्या अर्जात तोच मुलगा शेतमजूर होतो हो, सातबारा वडिलांच्या नावावर, ट्रॅक्टर भावाच्या, पिकअप मेव्हण्याच्या. शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही म्हणून रिटर्न नाही, द्राक्षाचा पैसा बरेचदा रोखीत. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर दोघांना मालमत्तेचं आणि देण्याचं शपथपत्र द्यावं लागतं, त्याने नोकरदार सापडतात. ज्याचं काहीच कागदावर नाही तो नाही सापडत, निदान लवकर नाही.

द्राक्षवाला_दिंडोरी

कोर्टाची पायरी ताई, शेतमजूर म्हणता ते काही ठिकाणी असंल, पण वडिलांच्या नावावर असतं कारण वडील जिवंत आहेत ओ. माझं वय ३१, बाग मी बघतो, औषधं मी मारतो, सातबाऱ्यावर नाव आजोबांचं आणि तीन चुलत्यांचं. मलाच माहीत नाही माझं किती ते.

आणि पिकाच्या भावाचं सांगतो. आमच्याकडं लग्नाची तारीख पंचांग बघून नंतर ठरती, आधी पीक बघून ठरती. द्राक्षाचा पैसा फेब्रुवारी-मार्चला, तो पण व्यापारी पळून गेला नाही तर. म्हणून लग्नं एप्रिल-मे. कांदावाल्यांचं लाल कांद्यावर. माझ्या चुलतभावाचं लग्न २०२३ च्या डिसेंबरातल्या कांद्यावर धरलं होतं, ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली आणि लासलगावला भाव असा पडला की लॉन्सचा ॲडव्हान्स देऊन बसलेले आम्ही उरलेल्या पैशाला सोसायटीच्या दारात. बंदी उठली ४ मे ला, तोपर्यंत नवरी घरी येऊन कर्जाचे हप्ते बघत होती. आता मला सांगा, असल्या धंद्यात पोरगी द्यायला कोण तयार होईल? पोरींचा दोष नाही. माझ्या बहिणीला पण आम्ही पुण्याचाच बघितला, खोटं कशाला बोलू.

मास्तर_कॉलेजरोड

शेवटचं वाक्य आवडलं. अर्थशास्त्र शिकवतो त्यामुळे राहवत नाही, थोडं लांबेल, कंटाळा आला तर सोडून द्या.

गॅरी बेकर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९७३ मध्ये लग्नाचा सिद्धांत म्हणून निबंध लिहिला, पुढे १९९२ ला त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं, लग्नाचा पण एक बाजार असतो, दोन्ही बाजूची संख्या आणि गुण बदलले की देण्याघेण्याची दिशा बदलते. आपल्याकडे हुंडा वाढायचं एक कारण असं सांगतात की लोकसंख्या वेगाने वाढत असताना दर पुढच्या वर्षी जन्मलेली पोरं मागच्यापेक्षा जास्त असायची, आणि नवरा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा बघायची रीत, म्हणजे मोठ्या वयाचे नवरे कमी आणि लहान वयाच्या मुली जास्त. मुली 'जास्त' झाल्या तशी बोली लागली. आता उलटं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) १.७ आहे, म्हणजे दर पुढची पिढी लहान. त्यात गर्भलिंगनिदानाचं पाप. २००१ च्या जनगणनेत राज्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ ला ८९४. लक्षात घ्या, आज लग्नाला उभे आहेत ते २००१ वाले. ८९४ वाले अजून बाशिंग बांधायचेत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात मुलगी मिळत नाही म्हणून पोरं मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती तेव्हा लोक हसले. हसण्यासारखं काही नव्हतं त्यात.

पण निफाडच्या लेकीचा प्रश्न बेकरला अडचणीचा आहे. बेकरच्या हिशोबात घर म्हणजे एकच पाकीट, कोण कमावतो कोण स्वयंपाक करतो ते सोयीने वाटून घ्यायचं आणि सगळ्यांचं भलं. नंतरच्या लोकांनी (यात बायका बऱ्याच होत्या) विचारलं की उद्या फाटलं तर कोण कुठे जाणार? ज्याच्याकडे जायला जागा आहे, हातात पैसा आहे, त्याचा शब्द घरात जास्त चालतो, भांडण झालं नाही तरी चालतो. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकाच्या शेवटी मुलांसाठीची सरकारी मदत बापाच्या पगारातल्या सवलतीऐवजी थेट आईच्या हातात द्यायला लागले. नंतर अभ्यास झाला तर बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च बापांच्या कपड्यांच्या तुलनेत वाढलेला निघाला. म्हणजे पैसा घरात आला एवढ्याने भागत नाही, कोणाच्या हातात आला याने फरक पडतो.

सिडकोची_मावशी

मास्तर एवढं लांब कशाला, लाडक्या बहिणीचे पंधराशे आले तेव्हा आमच्या चाळीत बघायला यायचं होतं. २०२४ च्या जुलैपासूनचे हप्ते खात्यात पडले आणि ज्या बायकांचं आयुष्यात खातं नव्हतं त्या बँकेच्या रांगेत. शेजारीण म्हणे मावशी, पहिल्यांदा मी न विचारता चप्पल घेतली. नवरा रिक्षा चालवतो, वाईट नाही बिचारा, पण विचारावं लागायचं ना. आता योजना मतांसाठी की कशासाठी ते राजकारण इथं नको.

सातपूरकर

पंधराशे रुपयाने संसारात आवाज वाढतो म्हणता, आणि आमचा ३४ हजाराचा पगार घरात देऊन पण आमचा आवाज नाही वाढत तो कसा काय 😀

सिडकोची_मावशी

आधी लग्न कर रे बाबा, मग आवाजाचं बघू.

पेठ_सुरगाणा

तुम्ही सगळे निफाड, दिंडोरी, पुणे करताय, जरा पश्चिमेकडे पण बघा. मी सुरगाण्याकडे शाळेवर आहे. इथे कोकणा, वारली, महादेव कोळी समाजात हुंडा नव्हताच, देज होतं. मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायचं. कारण साधं, भात लावणीपासून नागली-वरईपर्यंत निम्म्याहून जास्त काम बाई करते, तिच्या बापाच्या घरातून कामाचे दोन हात जातात. एस्टर बोसरप नावाच्या बाईंनी १९७० मध्ये हेच लिहिलंय की शेतात बाईचं काम जास्त तिथे मुलाकडचे देतात, नांगराची पुरुषी शेती असते तिथे मुलीकडचे देतात. आणि तुमच्या द्राक्षबागेतली डिपिंग, थिनिंग (घड औषधात बुडवणं, मणी विरळ करणं) करायला येणाऱ्या बायका आमच्याच पाड्यांवरच्या.

पण धागाकर्तीचा मुद्दा इथे पण लागू होतो बरं का. देज मुलीच्या बापाला मिळतं, मुलीला नाही. आणि दुसरी गोष्ट, गावजेवणाचा खर्च झेपत नाही म्हणून कित्येक जोडपी आधी संसार मांडतात, पोरं होतात, आणि पाच-दहा वर्षांनी सामुदायिक सोहळ्यात पोरांना मांडीवर घेऊन लग्न लागतं. आमच्याकडे कुणाला त्यात लाज नाही. शहरवाले लिव्ह-इन म्हणून चर्चासत्रं घेतात.

गंगापूररोडची_पाटी

+१ पेठ_सुरगाणा. आणि खर्चाचंच काढलंय तर प्री-वेडिंग, हळदीला वेगळं लॉन्स, लग्नाला वेगळं, पाच पक्वान्नं, ड्रोन. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं तरी लोकांनी तोळे कमी केले नाहीत, कर्ज वाढवलं. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत मराठा समाजाच्या बैठका होऊन कमी लोकांत लग्न, डीजे नको, प्री-वेडिंग नको अशी आचारसंहिता निघाली, आनंद आहे, पण फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्येच पहिलं साधं लग्न लावून दाखवलं होतं. दीडशे वर्षं झाली.

माझं मत विचाराल तर लोक उगाच वेडे म्हणून खर्च करत नाहीत. गावात सोसायटीचं कर्ज, व्यापाऱ्याची उधारी, पुढच्या मुलाचं स्थळ सगळं पत बघूनच चालतं, आणि लग्नाचा मांडव ही पत दाखवायची जागा. एकट्याने खर्च कमी केला की 'बुडाले वाटतं' अशी कुजबुज सुरू. म्हणून सगळ्यांनी एकदम कमी केला तरच जमतं, त्या अर्थाने आचारसंहिता मला बरी वाटते, पाळली तर.

निफाडची_लेक

गंगापूररोड, पटलं. आणि पेठ_सुरगाणा यांचे आभार, मला नेमकं हेच म्हणायचं होतं. दिशा कुठलीही असो, देणारा बाप आणि घेणारा बाप. मुलगी मध्ये.

ज्याच्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही ते म्हणजे घरकाम. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात घालवतात, आणि जे पुरुष करतात ते ९७ मिनिटं. पाच तास म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरी. माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्या जोडप्यांत बाळ झाल्यावर नोकरी सोडलेल्या मुली दरवर्षी दिसतात, इंजिनिअर, एमबीए सगळ्या. पगार तिचा कमी म्हणून तिने सोडली, सोडली म्हणून पुढे पण कमीच. मास्तरांच्या बेकरला हे सोयीचं वाटत असेल, पण ती सोय उद्या मोडली तर तिच्या पीएफमध्ये काय असणार? २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने म्हटलं की घर सांभाळणाऱ्या बायकोचा नवऱ्याने घेतलेल्या मालमत्तेत वाटा आहे, निम्मा दिला सुद्धा. कोर्टाची_पायरी, हे आपल्याकडे चालेल का?

कोर्टाची_पायरी

दाखवता येईल, पण तो निकाल बंधनकारक नाही, कारण दुसऱ्या हायकोर्टाचा आहे. त्यावर विसंबून संसार करू नका. आत्ता हातात काय आहे ते सांगते.

स्त्रीधन. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून स्पष्ट आहे, सोनं कोणीही घातलेलं असो, तिला दिलं की ते तिचंच, सासूच्या कपाटात असलं तरी सासू फक्त सांभाळणारी. अडचण पुराव्याची येते. पावती मुलाच्या बापाच्या नावावर, फोटोत हार दिसतो पण वजन दिसत नाही. पावती मुलीच्या नावाने फाडा आणि लॉकर तिच्या नावाने घ्या, एवढं जरी बैठकीत ठरलं तरी अर्धी भांडणं वाचतील. लग्नात मिळालेल्या भेटींवर इन्कम टॅक्स लागत नाही हे लेक सांगेलच.

दुसरं माहेर. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाएवढा हक्क आहे, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने २००५ ला वडील हयात असायची अट पण काढली. आणि प्रत्यक्षात काय होतं, तर लग्नानंतर पहिल्या दिवाळीला भाऊ तलाठ्याकडे घेऊन जातो, हक्कसोडपत्रावर सही, एक साडी आणि चहा. त्यात तिला माहेर तुटायची भीती असते आणि ती भीती खरी आहे, मी नुसता कायदा सांगून ती जात नाही. पण नवरा सोडून आलेल्या मुलीला माहेरी राहायला जागा आहे की नाही हे त्या सहीवर ठरतं.

द्राक्षवाला_दिंडोरी

बहिणीची सही आम्ही पण घेतलीय. तिला विचारून घेतली, ती म्हणाली मला नको. पण खरं सांगायचं तर दुसरं काय म्हणणार होती, चुलते समोर बसलेले.

मास्तर_कॉलेजरोड

यावरूनच एक आकडा. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित लोक साधारण साडेतेरा लाख होते आणि नुसतेच वेगळे राहणारे त्यांच्या अडीचपट, पस्तीस लाखांच्या आसपास. म्हणजे 'भारतात घटस्फोट कमी' हे वाक्य अपुरं आहे, लोक कोर्टात न जाताच वेगळे होतात. माहेरी बसलेली मुलगी कागदावर अजून बायकोच असते. अमेरिकेत १९७० पासून एकेका राज्यात एकतर्फी घटस्फोट मिळायला लागला तेव्हा संसार मोडतील म्हणून ओरड झाली, पुढच्या अभ्यासात दिसलं की त्या राज्यांत घरातली मारहाण साधारण ३० टक्क्यांनी घटली. दार उघडं आहे हे माहीत असलं की आतली वागणूक बदलते.

सातपूरकर

मान्य मास्तर, पण दार उघडून बाहेर पडायला किती वर्षं लागतात ते पण लिहा. माझा मित्र तारखांवर तारखा करतोय, पगारातून वकील आणि पोटगी दोन्ही जातंय, दुसरं लग्न करता येत नाही. पुरुषाचा पण हिशोब आहे की नाही?

कोर्टाची_पायरी

आहे ना, एकाने ओढून धरलं की दोघंही पिचतात. म्हणून जमत असेल तिथे कलम १३ब, परस्पर संमती. वर्षभर वेगळं राहणं, मग अर्ज, मग सहा महिने थांबायचं, पण २०१७ पासून ते सहा महिने कोर्ट माफ करू शकतं. २०२३ मध्ये घटनापीठाने तर सांगितलंय की संसार पूर्ण संपलाच असेल तर सुप्रीम कोर्ट थेट सोडवू शकतं, पण ते दिल्लीचं झालं, नाशिकच्या कोर्टाला तो अधिकार नाही.

नवीन_आयडी_९

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहितेय. पाथर्डी फाट्याला टू बीएचके, दोघांच्या नावावर, लोन पण दोघांचं. हप्ता निम्मा-निम्मा. संमतीने वेगळं व्हायचं ठरलंय, भांडण नाही. तो म्हणतो फ्लॅट तू ठेव, मला माझे भरलेले पैसे हळूहळू दे. करारात लिहिलं की झालं ना?

निफाडची_लेक

थांब, सही करू नकोस अजून. करार तुमच्या दोघांचा आहे, बँक त्यात नाही. कोर्टाने डिक्री दिली तरी बँकेसाठी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार राहतात, तुझा हप्ता चुकला तर त्याचा सिबिल पण खराब, कारण कर्जावर नाव त्याचं पण राहणार. आधी बँकेत जाऊन विचार की तुझ्या एकटीच्या पगारावर लोन ट्रान्सफर करतात का. नाही म्हणाले तर फ्लॅट ठेवायचा विचार सोड किंवा वडिलांना को-ॲप्लिकंट घे.

कोर्टाची_पायरी

+१. आणि १३ब च्या संमती अटींत फ्लॅटचा सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, किती रक्कम कधी, सगळं घाला. नंतर त्याच्याकडून तुझ्या नावे हक्कसोडपत्र नोंदणीकृत कर, नुसतं नोटरी चालत नाही. रक्कम हप्त्याने द्यायची असेल तर चेकनेच, रोख अजिबात नाही. शिवाय सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरून त्याचं नाव कमी करून घे, ते लोक हमखास विसरतात.

नवीन_आयडी_९

सोसायटीचं डोक्यातच नव्हतं. सोमवारी बँकेत जाते. नाही म्हणाले तर परत इथेच विचारेन.